नांगर पाहून बसू नये

मटणाचा ढाबा निवडायला मराठवाड्याच्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. बाहेर ट्रक किती उभे आहेत, भाकरी थापणारी बाई दिसते का, शेजारच्या ताटातल्या रश्श्याचा तवंग कसा आहे, एवढं पाहिलं की गाडी थांबवायची का पुढं काढायची ते ठरतं. माशाचं तसं नाही. आमच्या घरात मासा म्हणजे काटा, आणि काटा म्हणजे ‘लेकरांना देऊ नका’. पिढ्यान्‌पिढ्यांचं मत्स्यज्ञान तिथंच संपतं.

त्यामुळं पैठणला पहिल्यांदा मासे खायला गेलो तेव्हा मी हॉटेल निवडलं ते पाटी बघून. निळ्या रंगाची पाटी, छताला टांगलेलं जाळं, भिंतीवर भला मोठा नांगर. जहाजाचा; औताचा नव्हे. इतकी तयारी केलीय म्हणजे माणूस जाणकार असणार, असं वाटलं. खिडकीतून जायकवाडीचं पाणी दिसत होतं. साडेतीनशे चौरस किलोमीटर पसरलेला नाथसागर समोर ठेवून मी मागवली सुरमई. का, तर मासा म्हटल्यावर मला तेवढं एकच नाव भारदस्त वाटायचं.

सुरमई आली. रवा कुरकुरीत होता, आतला मासा मात्र बराच प्रवास करून दमलेला. पोऱ्याला विचारलं तर तो बिचारा खरं बोलला. ‘मुंबईवरून येती बर्फात. कधी दोन दिवसाला, कधी चार.’

आमचे दाजी नोकरीनिमित्त वीस वर्षं रत्नागिरीत आहेत. त्यांना फोन केला. आधी ते पोटभर हसले. मग म्हणाले, ‘समोर एवढं धरण दिसतंय आणि तू समुद्राचा मासा मागवलास? नांगर बघून कुठं बसू नये. आत जायचं आणि एवढंच विचारायचं, आज काय आलंय? सगळं आहे म्हणाला तर उठायचं. थांबा, बघून सांगतो म्हणाला तर बसायचं.’ कल्ले लाल हवेत, डोळा फुगीर हवा, हेही त्यांनी सांगितलं. पण मसाला लावून ठेवलेल्या तुकड्याला कुठला डोळा अन् कुठले कल्ले?

तसा समुद्र आणि पैठण यांचा संबंध आजचा नाही म्हणा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक माणसानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये पैठणचं नाव आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांची वाट, तिथून पूर्वेला आणखी दहा दिवस चाललं की तगर, म्हणजे आपल्या धाराशिवजवळचं तेर. गाड्या भरभरून माल या वाटेनं बंदराकडं जायचा. परत येताना त्यांनी मासळी आणली असेल असं वाटत नाही. वीस दिवस! आणलीच असेल तर खारवलेली, आणि वास वेशीच्या बाहेरूनच आला असेल.

आता इथलाच म्हणून जो मासा आपण खातो, तोही पुरता इथला नाही. रोहू मूळचा उत्तरेकडचा, गंगेच्या खोऱ्यातला. धरणाच्या साठलेल्या पाण्यात तो अंडी घालत नाही, त्याला वाहतं पाणी लागतं. म्हणून बीज बाहेर तयार करून धरणात सोडतात. चिलापी तर थेट आफ्रिकेची. पण आपल्याकडं गोदावरीला कोण गोदावरी म्हणतं? गंगापूर, गंगाखेड, गंगाथडी, सगळी गंगाच. तेव्हा रोहू गंगेतून निघाला आणि गंगेतच आला, असं म्हणून आपण गप्प जेवावं.

पुढच्या खेपेला दाजींचा नियम घेऊन निघालो. बिडकीन गेलं, ढोरकीन गेलं. पैठणमध्ये नाथांच्या वाड्याच्या बाजूला मासळीचं नाव काढायचं नाही, एवढं आपल्यालाही कळतं. सरळ धरणाच्या अंगाला गेलो. पहिल्या टपरीवर ‘सगळं हाय ना साहेब, पापलेट, सुरमई, कोळंबी’. उठलो. दुसरीकडं तेच. तिसरं पत्र्याचं शेड, पाटी नाही, बाहेर एक टोपलं पालथं घातलेलं. आत चुलीपाशी म्हातारे मामा.

‘मामा, आज काय आलंय?’

‘थांबा, बघतो.’

मी मनातल्या मनात दाजींना नमस्कार केला.

मामांनी टोपलं उचललं. खाली घमेल्यातल्या वीतभर पाण्यात मरळ वळवळत होती, जिवंत. मरळ वर येऊन हवा घेते, म्हणून एवढ्याशा पाण्यातही तग धरते. ‘रोहू बी हाय, पर त्याला बारीक काटं लई. लेकरं संगं हायती तर मरळ घ्या. पैसं जास्ती पडतील अन् घंटाभर लागंल.’ तास लागेल हे इतक्या सरळ सांगणारा हॉटेलवाला मला अजून भेटला नव्हता.

मग त्या तासात मामा चुलीपुढून बोलत राहिले. 1965 साली लालबहादूर शास्त्रींनी धरणाचा पाया घातला तेव्हा ते पोरसवदा होते. शंभरावर गावं पाण्यात गेली, त्यात त्यांचं एक. लांब एक होडी थांबली होती. काविलत्यानं तिकडं दाखवत म्हणाले, ‘ती नाव हाय का, तिथं आमची काळी रानं होती. आता त्यो बी तिथंच नांगर टाकतोय.’ आणि परत तव्याकडं वळले. मी काही बोललो नाही; काय बोलणार?

मरळ आली ती लाल मसाल्यात तळलेली, बरोबर येसर घातलेला दाट रस्सा आणि ज्वारीची भाकरी. काटा मधोमध एक, सरळ. तो काढला की पोरगीसुद्धा एकटी जेवते. रोहूचा एक तुकडा मी हट्टानं घेतला आणि पुढची वीस मिनिटं कुणाशी बोललो नाही.

लिंबानं तीनदा हात धुऊन घरी आलो. आईच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, आणि निघताना पैठणला जातो एवढंच तिला सांगितलं होतं. दारातच तिनं विचारलं, ‘नाथांचं दर्शन झालं का रे?’

‘सागराचं झालं,’ म्हणालो, आणि हात पाठीमागं घेऊन आत गेलो.