तुम्ही विचारलंत म्हणून: बाळ झालं, आता सरकारकडून किती मिळतं?

अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका म्हणून नोकरी केली, निवृत्तही झाले, पण या प्रश्नातून काही निवृत्ती मिळालेली नाही. लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही कोणीतरी गाठतंच. "ताई, सून बाळंत झाली. सरकारकडून किती मिळतं?" मी आधी आकडे सांगून टाकते. त्याशिवाय पुढचं कोणी ऐकून घेत नाही.

पहिल्या बाळाला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून ५,००० रुपये. गरोदरपणाची वेळेत नोंद आणि एक तपासणी झाली की ३,०००. बाळाची जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतचे डोस झाले की २,०००. दुसरं अपत्य मुलगी असेल तर एकरकमी ६,०००. दुसरं अपत्य मुलगा असेल तर काही नाही, आणि हे सांगताना समोरचा चेहरा पाहण्यासारखा होतो. नियमित सरकारी नोकरीत असलेल्या बाईला हे मिळत नाही. बाकीच्यांना दारिद्र्यरेषेखालचं रेशनकार्ड, ई-श्रम कार्ड, रोजगार हमीचं जॉबकार्ड किंवा आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला, यातलं एखादं चालतं.

महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ नंतर मुलगी झाली असेल, रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी असेल आणि वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत असेल, तर लेक लाडकी योजना आहे. जन्मल्यावर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा पूर्ण झाल्यावर ७५,०००. बेरीज एक लाख एक हजार होते आणि लोकांच्या डोक्यात तेवढीच राहते. त्यातले पंचाहत्तर हजार अठरा वर्षांनी मिळणार आहेत, हे मला दोनदा सांगावं लागतं.

आता पैसे "आलेच नाहीत" ही तक्रार. अर्ज मंजूर दिसतो, पासबुकात मात्र काही नाही. अशा वेळी मी पहिल्यांदा विचारते, लग्नाआधी कुठल्या बँकेत खातं होतं? हे पैसे अर्जावर लिहिलेल्या खाते क्रमांकावर जात नाहीत, आधारला जोडलेल्या खात्यात जातात. आणि खाती चार असली तरी आधारला शेवटी जोडलेलं जे असेल, तेच धरलं जातं. कॉलेजात शिष्यवृत्तीसाठी काढलेलं, नाहीतर कोणीतरी दारात येऊन अंगठा घेऊन उघडून दिलेलं एखादं खातं असतं. पासबुक माहेरच्या ट्रंकेत, सोबत दिलेला मोबाइल नंबर बंद. पैसे तिथे जाऊन बसलेले असतात. दुसरी भानगड नावाची. आधारवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, दवाखान्याच्या कार्डावर तिसरंच काहीतरी. म्हणून लग्न ठरलेल्या मुलींना मी सांगते, नाव बदलायचं असेल तर सगळीकडे बदला, नाहीतर कुठेच बदलू नका.

पण माझं म्हणणं वेगळंच आहे. किती मिळतं हे सगळे विचारतात. बाळ कोण सांभाळणार, हे मला क्वचितच कोणी विचारतं.

हिशेब मांडून बघा. कायद्याने पगारी बाळंतपणाची रजा २६ आठवडे, म्हणजे सहा महिने. तीही आस्थापनेत नोकरी असेल तर. अंगणवाडीच्या वर्गात मूल बसतं तीन वर्षांचं झाल्यावर. मधली अडीच वर्षं? त्या वयाच्या मुलासाठी अंगणवाडी पोषण आहाराचं पाकीट घरी देते. आम्ही त्याला टीएचआर म्हणतो, म्हणजे 'टेक होम रेशन'. लसीकरण, वजन, उंची, सगळं होतं. मूल मात्र घरीच. आणि तीन वर्षांनंतरही अंगणवाडी चारेक तासांची. खुरपणीला गेलेली बाई दुपारच्या आत बांधावरून परत येत नाही.

१९७५ साली ३३ प्रकल्पांवर अंगणवाड्यांची ही एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा तिचं लक्ष कुपोषणावर होतं आणि ते बरोबरच होतं. आईच्या कामाचे तास त्या आराखड्यात नव्हते. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं, असा कायदा २०१७ साली आला. पण दुसऱ्याच्या शेतात जाणारी, चार घरची धुणीभांडी करणारी बाई कुठल्या पन्नासांत मोजायची? २०२२ पासून केंद्राची 'पालना' योजना आहे, अंगणवाडीतच सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी पाळणाघर. कल्पना मला मनापासून पटते, फक्त त्याच सेविकेच्या गळ्यात आणखी एक काम अडकवू नका. तिच्याकडे रजिस्टरं आहेत, मोबाइलवर भरायचं पोषण ट्रॅकर ॲप आहे, आणि २०२५ पासून पाकीट देताना लाभार्थ्याचा चेहरा मोबाइलवर जुळवायचा आहे. नेटवर्क गेलं की पाकीट हातात घेऊन दोघी अंगणात उभ्या.

म्हणून हल्ली मीच उलट विचारते, सून कामावर कधी जाणार आणि बाळ कोणाकडे राहणार? "आहे की आजी" हे उत्तर ठरलेलं. आजी पन्नाशीची असते, स्वतः मजुरीला जात असते, आणि तिला कोणी विचारलेलं नसतं. आजी नसली तर मोठी बहीण. तिची शाळेतली गैरहजेरी कधी वाढली हे गुरुजींना विचारा, धाकट्याची जन्मतारीख कळेल.

तेव्हा गावात पाळणाघर हवं असेल तर ग्रामसभेत तोंडी बोलून थांबू नका. कामावर जाणाऱ्या बायांची आणि त्यांच्या लहान मुलांची यादी करा, वयासकट. ती अर्जाला जोडा, ग्रामपंचायतीत आणि तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे द्या, पोच घ्या.

आणि निघता निघता हमखास येणारा प्रश्न, नोंदणी सासरी की माहेरी? जिथे राहता तिथे करा, आणि बाळंतपणाला माहेरी जाताना सेविकेला सांगून जा. नाव एका अंगणवाडीतून दुसरीकडे हलवता येतं. माता-बाल संरक्षण कार्ड मात्र सोबत न्या, लसींच्या तारखा त्याच्यावरच असतात.