गिअर उडण्याचं मूळ सापडलं: हँगर!

सापडलं एकदाचं. माझ्या सायकलची चेन आपोआप गिअर बदलत होती. तीन आठवडे छळ मांडला होता तो केबलने नव्हे, शिफ्टरने नव्हे, कॅसेटनेही (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या) नव्हे. हँगर, म्हणजे आरडी (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा मागचा डिरेलर) ज्यावर बसते तो फ्रेमच्या टोकाचा छोटा तुकडा, वाकला होता.

आधी केबलवर संशय होता, म्हणून केबल आणि तिच्यावरची 4 मिमीची नळी (आउटर) दोन्ही नवी टाकली. छोट्या चकत्यांवर चेन लोण्यासारखी उतरायला लागली, म्हणून संध्याकाळी लगेच कात्रज गाठलं. चढावर जोर लावला आणि चौथ्यावरून चेन आपणहून पाचव्यावर! बॅरल (केबलचा ताण कमीजास्त करणारा स्क्रू) पाव फेरा फिरवून केबल ताणली की मोठ्या चकत्या सुधारायच्या, छोट्या बिघडायच्या. सैल केली की नेमकं उलट. त्याआधी एका दुकानात दाखवली, तर पहिल्या गिअरला स्पोकला चाटतेय म्हणून एल स्क्रू (आरडीला स्पोककडे किती जाऊ द्यायचं ते ठरवणारा) आवळून दिला. आवाज थांबला, पण पहिला गिअरच लागेना. खरं तर तो टिंगटिंग आवाज हाच सगळ्यात मोठा पुरावा होता, आणि तोच बंद करून टाकला.

रात्री बाल्कनीत टॉर्च घेऊन चाकाच्या मागे बसलो. आरडीच्या दोन छोट्या चाकांपैकी (जॉकी) वरची चकतीच्या बरोबर खाली, पण खालची स्पोककडे कललेली. साताऱ्याहून परतताना बसच्या डिकीत सायकल उजव्या कुशीवर गेली होती, ते तेव्हा आठवलं. नखाने चाचपलं तर हँगरच्या मानेपाशी रंगाला केसाएवढी चीर.

हिशेब साधा आहे. नऊ स्पीडच्या शिमानोत एका क्लिकला साधारण 2.5 मिमी केबल ओढली जाते, आरडी तिच्या 1.7 पट सरकते, म्हणजे 4.3 मिमीच्या आसपास. दोन चकत्यांमधलं अंतरही जवळपास तेवढंच. जॉकी एखादा मिलिमीटर जरी कलली तरी बॅरलने ती चूक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला ढकलता येते, काढता येत नाही.

हँगर मोजून सरळ करायचा पार्क टूल कंपनीचा गेज मागवणारच होतो, पण वर्षातून एकदा लागणाऱ्या हत्यारावर तेवढे पैसे घालणं जिवावर आलं. मग सुचलं: हँगरचे आटे 10 मिमीचे, 1 मिमी पिचचे, नटवाल्या गिअर सायकलच्या मागच्या ॲक्सलचेही तेच. पेठेतल्या पंक्चरवाल्या काकांकडे गेलो. काळ्या सायकलचा ॲक्सल बसेना, आटे वेगळे. मग त्यांनी भंगारातून एका हायब्रिड सायकलचं 700 सी मापाचं मागचं चाक काढून दिलं. "घेऊन जा रे, पण नट हरवू नकोस."

आरडी उतरवली, त्या चाकाचा डावीकडचा नट काढून ॲक्सल हँगरमध्ये हाताने पूर्ण आवळला. आता दोन चाकं शेजारी शेजारी. पट्टी लावली: दोन रिममधलं अंतर वर 146, खाली 138. मागे-पुढे फक्त 2 मिमीचा फरक. वर-खाली मात्र आठ मिलिमीटर! खालून रिम धरून अगदी थोडं थोडं बाहेर ओढलं, दर वेळी मोजलं. ॲल्युमिनियम आहे, पुढे-मागे करत बसलं की तुटतं, म्हणून एकाच दिशेने, घाई न करता. चौथ्या खेपेला वर 143, खाली 141. तिथेच थांबलो.

आरडी परत चढवली, एल स्क्रू मूळ जागी आणला, बी स्क्रूने मोठ्या चकतीपासून वरच्या जॉकीला 6 मिमी जागा दिली, बॅरल दीड फेरा. नऊच्या नऊ गिअर, वर आणि खाली, एकही खडखड नाही. चौथ्यावर पेडल फिरवत नुसता ऐकत बसलो.

एकदा वाकून सरळ केलेल्या हँगरवर 200 किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) करायची नाही, हे मात्र ठरलं. त्याची आकृती कागदावर काढून ठेवली आहे, भोकांच्या जागांसह. तिच्याशी जुळणारा नवा मिळाला की जुना सॅडल बॅगेत जाईल. आधी चेन बदलायचा विचार होता, तो आता पुढे ढकलतोय. आणि लिहिता लिहिता सुचलं: काकांचं चाक अजून माझ्याकडेच आहे. रविवारी कात्रजच्या बोगद्यापाशी जमू तेव्हा घेऊन येतो, पट्टीही आणतो. ज्यांची सायकल कधी उजव्या बाजूला पडली असेल, त्यांनी आरडी उतरवायला 5 नंबरची ॲलन की आणा.