सुट्टी जाहीर, पण कोणत्या सत्राला?

जुलैत पहाटे साडेपाचला पालकांच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरत असतो: आज शाळा आहे का? उत्तरासाठी सगळे हवामान खात्याचा रंग बघतात, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. रेड अलर्ट हा इशारा आहे, सुट्टी नव्हे. सुट्टी मुंबईत महापालिका जाहीर करते, इतर जिल्ह्यांत जिल्हाधिकारी.

रंगांमागे आकडे आहेत. 24 तासांत 64.5 ते 115.5 मिमी म्हणजे जोरदार, 204.4 पर्यंत अतिजोरदार, त्यापुढे अतिवृष्टीचा टोकाचा प्रकार. पण इशाऱ्यात बहुतेकदा 'तुरळक ठिकाणी' असे दोन शब्द असतात, ते कुणी वाचत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पाऊस पडला, त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम 73. अख्ख्या शहराला एकच सुट्टी दिली की कुठेतरी ऊन पडणारच. त्यावरून खात्याची टिंगल करण्यात अर्थ नाही.

खरी अडचण वेळेची आहे. मुंबईत कित्येक शाळा दोन सत्रांत भरतात. सकाळची घंटा सातच्या आसपास, म्हणजे बस सहालाच निघालेली असते. 8 जुलै 2024 ला पहिल्या सत्राची सुट्टी जाहीर झाली, तेव्हा कारण दिलं होतं रात्री 1 ते सकाळी 7 या वेळेत ठिकठिकाणी पडलेल्या 300 मिमीहून जास्त पावसाचं. सातपर्यंतचा पाऊस मोजून काढलेली सूचना सहाच्या बसला कशी गाठणार? दुसऱ्या सत्राची सुट्टी नंतर वेगळी जाहीर झाली. 18 ऑगस्ट 2025 ला उलटं झालं: सकाळची मुलं वर्गात बसलेली आणि सुट्टी दुपारच्या सत्राला. दुसऱ्या दिवशीची सुट्टी मात्र आधीच सांगून दिली गेली, आणि तीच पद्धत बरी.

मध्येच शाळा सोडणं सगळ्यात धोक्याचं. पाणी चढत असताना बस काढली तर इंजिनात पाणी शिरून ते बंद पडतं आणि मुलं रस्त्यावर अडकतात. म्हणून शाळेने आधी भरतीची वेळ बघावी. साडेचार मीटरच्या वरची भरती असेल तर पावसाळी गटारांचं पाणी समुद्रात जात नाही, उलट तुंबतं. ओहोटी लागेपर्यंत मुलं वरच्या मजल्यावर थांबवणंच शहाणपणाचं. तळमजल्याचा वीजपुरवठा मेन स्विचवरून बंद करायचा, पिण्याचं पाणी आणि बिस्किटं वर न्यायची, आणि कोणतं मूल कुणाच्या ताब्यात किती वाजता दिलं ते वहीत सहीसकट लिहायचं. पालकांना 'या' असा मेसेज सरसकट टाकू नये, नाहीतर फाटकाशी गाड्यांची रांग लागून बसच अडते. वर्गवार टप्पे पाडावेत, लहान वर्ग आधी. मदत लागली तर मुंबईत पालिकेच्या 1916 या हेल्पलाइनवर फोन करावा.

सुट्टीच्या परिपत्रकाचं काय? दरवर्षी कुणीतरी मागच्या वर्षीचं ढकलतं. आधी तारीख आणि वार जुळतात का बघा, मग जिल्हा, मग सत्र. 'मुंबई' लिहिलेलं ठाण्याला लागू नसतं, ही चूक मुलुंडच्या टोलनाक्याच्या दोन्ही बाजूंना हमखास होते. पालिकेच्या अधिकृत खात्यावर दिसत नसेल तर फॉरवर्ड करू नका.

कोल्हापूरचा हिशोब निराळा. तिथे पावसापेक्षा राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी बघतात: 39 फूट इशारा, 43 फूट धोका. आणि पूर आला की नदीकाठच्या गावांतल्या लोकांना शाळांतच हलवतात. तेव्हा पाऊस थांबला तरी वर्ग लगेच भरत नाहीत. आधी खोल्या रिकाम्या करून धुवायच्या असतात.

बुडालेले दिवस भरूनही काढावे लागतात. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाला 200 दिवस आणि 800 तास, सहावी ते आठवीला 220 दिवस आणि 1000 तास धरलेत. त्यामुळे जुलैत मिळालेली सुट्टी बऱ्याचदा एखाद्या शनिवारी पूर्ण दिवस शाळा भरवून वसूल होते.