राजदूत ३५० एचटी: क्रँक उघडल्यापासून पहिल्या किकपर्यंत

गाडी १९८४ ची, एचटी (हाय टॉर्क). यामाहाच्या आरडी३५०बी वरून एस्कॉर्ट्सने परवान्याखाली इथे बांधलेली: ३४७ सीसी, दोन सिलेंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर, ३०.५ बीएचपी. नंतर आलेली एलटी (लो टॉर्क) २७ बीएचपीची. चॅसीचं काम आधीच उरकलंय. टाकी-पॅनेलचा रंग मुद्दाम मागे ठेवलाय. आधी क्रोम आणि पट्टे, मग इंजिन, असा क्रम लावलेल्या आरड्या दिसायला झकास असतात आणि दोन महिन्यांत पुन्हा खाली उतरतात. इंजिन हवाबंद झाल्याशिवाय पुढे जायचं नाही, एवढंच या टप्प्याचं धोरण.

क्रँक

क्रँककेस (क्रँक बसतो तो डबा) आडवी उघडते, त्यामुळे इंजिन उलटं ठेवून खालचा भाग काढला की क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा दांडा, जागेवर दिसतो. कनेक्टिंग रॉडचं वरचं टोक डावी-उजवीकडे हलवून पाहायचं. ०.८ ते १ मिमी खेळ ठीक, २ मिमीच्या पुढे गेला तर बिग एंड (रॉडचं क्रँकवरचं टोक) संपला. या क्रँकचा डावा रॉड २ च्या पुढे होता, म्हणून दोन्ही बाजूंना नवे रॉड किट, नवे बेअरिंग आणि मधला लॅबिरिंथ सील (दोन सिलेंडरखालच्या जागा वेगळ्या ठेवणारा) तपासून तोच परत. क्रँक प्रेसने जोडलेला असतो, तेव्हा दाबून बसवला म्हणजे काम झालं असं नाही. व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मोजमाप) लावायचा. रनआउट (फिरताना होणारी डुगडुग) ०.०३ मिमीच्या आत यायला हवा. "अंदाजाने सरळ केलाय" म्हणणाऱ्या लेथवाल्याकडून क्रँक परत घ्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्यात टू-स्ट्रोकचे क्रँक नेहमी करणारी माणसं आहेत, तिथेच द्यावा.

बसवताना बेअरिंगच्या पिना केसमधल्या खाचेत बसल्यात का, हे बोटाने चाचपून बघा. पिन खाचेबाहेर राहिली आणि बोल्ट आवळले तर केसच फुटते. जोडाला न कडकणारा सीलंट पातळ लावायचा. सिलिकॉनची जाड वात नको. तिचे तुकडे सुटून तेलाच्या वाटा अडवतात. बोल्टचे क्रमांक केसवरच कोरलेले आहेत. त्या क्रमाने, दोन फेऱ्यांत आवळायचे.

बोअर

बोअर म्हणजे सिलेंडरच्या भोकाचा व्यास. स्टँडर्ड ६४ मिमी, पुढे ६४.२५, ६४.५०, ६४.७५ आणि ६५. हे सिलेंडर आधीच ६४.५० वर होते, आता ६४.७५. म्हणजे आणखी एकच बोअर शिल्लक. पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर मारू नका. पिस्टन स्कर्टच्या (पिस्टनच्या खालच्या भिंतीच्या) तळापासून साधारण १० मिमी वर, पिनच्या काटकोनात मोजायचा आणि त्यावर फट ठरवायची. मूळ पिस्टनला ०.०४ मिमीच्या आसपास चालते, बाजारातल्या दुसऱ्या कंपन्यांच्या पिस्टनला ०.०५ ते ०.०६ ठेवलेली बरी. रिंगची तोंडं बोअरमध्ये मोजून ०.२ ते ०.४.

बोअर-होनिंग झालं की पोर्टच्या (सिलेंडरच्या भिंतीतल्या वायूच्या वाटांच्या) कडा धारदार होतात. त्यांना चॅम्फर (कडेची तिरकी घास) मारलाच पाहिजे, नाहीतर रिंग पोर्टमध्ये अडकून मोडते. बोअरवाले हे काम हटकून विसरतात, म्हणून चिठ्ठीवर लिहून द्या. जुने पिस्टन वापरणार असाल तर इनटेक बाजूच्या स्कर्टला ज्या खिडक्या आहेत त्यांचे कोपरे भिंगाने पाहा, तडा तिथून सुरू होतो.

रीडच्या (इनटेकमधल्या एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपेच्या) पाकळ्या उजेडासमोर धरल्या. एकीचं टोक ०.३ मिमीपेक्षा जास्त उचललेलं होतं, म्हणून संच बदलला. स्क्रूंना थ्रेडलॉक लावणं सक्तीचं. तो स्क्रू सुटला तर थेट इंजिनाच्या पोटात जातो.

हवेची चाचणी

आरडी "धरते", म्हणजे पिस्टन सिलेंडरमध्ये चिकटतो, तेव्हा बहुतेक वेळा दोष तेलाचा म्हणून सांगितला जातो. प्रत्यक्षात कुठूनतरी चोरटी हवा आत येते, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापून चिकटतो. टू-स्ट्रोकची क्रँककेस म्हणजे पंपच, आणि तिला गळती परवडत नाही.

यासाठी महागडं यंत्र लागत नाही. रक्तदाब मोजायच्या डायलवाल्या जुन्या यंत्राचा बल्ब आणि गेज पुरतो. त्यावरचे ३०० मिमी म्हणजे साधारण ५.८ पीएसआय, आणि आपल्याला ६ च्याच आसपास दाब हवा. १० च्या पुढे नेला तर चांगले सीलही जागा सोडतात. कंप्रेसरची नळी तर लावूच नका.

कार्ब्युरेटर काढून एका मॅनिफोल्डच्या (कार्ब्युरेटर जोडायच्या तोंडाच्या) रबरात घट्ट बूच, दुसऱ्यात बूच आणि त्यातून नळी. दोन्ही मॅनिफोल्डना जोडणारी छोटी नळी जागेवर आणि न तडकलेली हवी. एक्झॉस्टच्या तोंडावर जाड रबराची चकती, वरून लोखंडी पट्टी दाबून. प्लग लावलेले. मधला लॅबिरिंथ पूर्ण हवाबंद नसतो, त्यामुळे एकच बाजू बंद करून चाचणी घेण्यात अर्थ नाही. दोन्ही एकदम बंद करायच्या. डावा पिस्टन तळाला आणून दाब द्यायचा, म्हणजे डावं हेड गॅस्केटही तपासलं जातं. मग क्रँक अर्धा फिरवून उजव्यासाठी तेच. सहा मिनिटं काटा जवळपास हलू नये. मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त पडला तर साबणाचं पाणी घेऊन शोध सुरू.

इथे काटा पहिल्यांदा सरळ खाली आला. बुडबुडे आधी बुचांभोवतीच निघाले. हे नेहमीचंच, आधी बुचं घट्ट करा आणि मग इंजिनाला दोष द्या. त्यानंतर उजव्या बेस गॅस्केटच्या मागच्या कोपऱ्यात बारीक फेस आला. सिलेंडरच्या तळाला जुन्या गॅस्केटची पापडी चिकटून राहिली होती. ती काचेवर सँडपेपर ठेवून घासली, नवं गॅस्केट टाकलं, काटा थांबला.

चालू गाडीत हेच ओळखायचं तर असं: क्लचच्या बाजूचा उजवा सील गेला तर इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल ओढतं, पांढरा धूर थांबत नाही, गिअर ऑइल कमी होत जातं. पॉइंटच्या (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या संपर्काच्या) बाजूचा डावा सील गेला तर धूर नाही, पण थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम खाली यायला वेळ लागतो. दुसरा प्रकार जास्त घातक, कारण काही दिसत नाही.

ऑटोल्यूब

ऑटोल्यूब म्हणजे इंजिनाला टू-टी ऑइल वेगळं पुरवणारा पंप. तो काढून टाकून पेट्रोलमध्ये ऑइल मिसळणारे बरेच आहेत. सपाटीवर चालतं. पण वरंधा किंवा आंबोलीच्या घाटात थ्रॉटल बंद करून लांब उतार उतरलात की पेट्रोल थांबतं, त्यासोबत ऑइलही. पंप मात्र किमान स्ट्रोक देतच राहतो. तो किमान स्ट्रोक ०.२० ते ०.२५ मिमी हवा, कमी असेल तर शिम (पातळ चकती) टाकून वाढवायचा. ब्लीड स्क्रू उघडून बुडबुडे संपेपर्यंत ऑइल वाहू द्या. शिवाय पहिल्या पाच लिटरात २०० मिली टू-टी ऑइल घाला, पंप चालू असला तरी.

टायमिंग आणि पेट्रोल

पॉइंटची फट ०.३ ते ०.४ मिमी. टायमिंग प्लगच्या भोकात डायल गेज घालून, टॉपच्या (पिस्टनच्या सर्वात वरच्या जागेच्या) आधी २ मिमीवर, दोन्ही सिलेंडरचं वेगवेगळं. आधी मुख्य प्लेटवरचा पॉइंट लावा आणि मगच छोट्या प्लेटवरचा. उलटं केलं तर दुसऱ्याने पहिला हलतो. प्लग बी८एचएस.

पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने त्याच हवेला सुमारे ७-८ टक्के जास्त इंधन लागतं. जुन्या जेटवर (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या भोकावर) गाडी पातळ चालते, म्हणून मेन जेट एक-दोन साइझ मोठा घेऊन प्लगचा रंग बघत खाली यायचं. उलट दिशेने प्रयोग केला तर किंमत पिस्टनने मोजावी लागते. पेट्रोलच्या नळ्या आणि फ्लोट नीडल इथेनॉल सोसणाऱ्या घ्या. टाकीला आतून लेप लावायचा असेल तर तो ई२० मध्ये टिकतो का, आधी विचारा. सुटलेले पापुद्रे थेट जेटमध्ये येतात.

आजची स्थिती: गाडी किकवर लागली, तीनदा गरम करून पूर्ण थंड केली, थंड असताना हेडचे नट पुन्हा तपासले. पहिले ५०० किमी अर्ध्या थ्रॉटलच्या वर नाही. पुढचं काम पुढच्या ड्रम ब्रेकचं: नवे शू ड्रमच्या गोलाईला घासून बसवायचे आणि दोन्ही कॅम एकाच क्षणी उघडतील असा जोडदांडा लावायचा.