तीन थाऊ

शनिवारी शेजारचे म्हातारबा त्यांच्या गॅरेजात कपाळाला हात लावून बसलेले. स्वतः भरलेली चाळीस काडतुसं, पण सेमी-ऑटो रायफलीत एक धड बसेना. बोल्ट, म्हणजे काडतुसामागं बंद होणारं झाकण, तांदळाच्या दाण्याएवढा अलीकडंच थांबायचा. (इथं टेक्सासात स्वतःपुरती काडतुसं भरायला लायसन लागत नाही. हे लिहितानाही मला कलेक्टर कचेरीचा जिना आठवला.)

मी कामाच्या व्हिसावर, त्यामुळे हात पाठीमागं बांधूनच उभा होतो. पण वाळूजला आठ वर्षं फिटिंगवर काढलेला माणूस गप्प किती बसणार? म्हटलं, ब्ल्यू लावून बघा, कुठं घासतंय ते दाखवणारा निळा रंग. ब्ल्यू नव्हता. मग त्यांनी एक रिकामी पुंगळी, काडतुसाचं पितळी कवच, काळ्या मार्करनं रंगवली, चेंबरात घालून काढली. रंग नेमका खांद्यावर घासलेला, पुंगळी मानेकडं निमुळती होते तिथं.

पुंगळी एकदा उडाली की पितळ फुगतं, खांदा पुढं सरकतो. म्हातारबांना सवय जुन्या बोल्ट रायफलीची, म्हणून डायमध्ये, पुंगळी मापात आणायच्या साच्यात, नुसती मान आवळलेली. तिथं दांडा हातानं दाबून पुंगळी कोंबता येते. सेमी-ऑटोत जोर स्प्रिंगचा, तेवढाच. अख्खी पुंगळी डायमधून काढून खांदा मागं ढकलायचा, इंचाचे तीन हजारांश. आपले तीन थाऊ! जास्त ढकलला तर पितळ ताणून ताणून बुडाजवळ तुटतं.

त्यांनी चाळीसच्या चाळीस खोलायला घेतली. आपल्याकडं ‘बसंल की’ म्हणून आधी ठोकून बघितलं असतं. हे मनात आलं आणि स्वतःचाच राग आला. वाळूजला काय आम्ही डोळे मिटून काम करत होतो?

रात्री केजला अण्णांना फोन लावला. त्यांची बारा बोरची. आचारसंहिता लागली की ठाण्यात जमा. 2024 च्या लोकसभेला बंदूक ठाण्यात आणि रानडुकरं उन्हाळी भुईमुगात. तेव्हा मी कायद्याला शिव्या घातल्या होत्या. आता पोरगी शाळेतून येऊन सांगते, कुणी बंदूक घेऊन घुसलं तर म्हणून आज दार लावून, दिवे बंद करून कोपऱ्यात बसायची कवायत झाली. मग ते ठाणंच बरं वाटतं.

“तीन थाऊ म्हंजे किती रं?”

“केसाएवढं, अण्णा.”

“आन तेवढ्यासाठी चाळीस गोळ्या खोलायलाय? मोकळाच दिसतोय म्हातारा.”