तणानं तण

पुण्याची कौतुकं सांगताना कुणी गाजर गवताचं नाव घेत नाही. खरं तर १९५०च्या दशकात ते डोळ्यात भरलं ते पुण्याच्याच उकिरड्यांवर, आणि मग देशभर पसरलं. परदेशी गव्हातून आलं म्हणतात. नावं मात्र अस्सल देशी: काँग्रेस गवत, चटकचांदणी!

आमच्या परसात ही चांदणी पावसाळाभर फुललेली. मी उपटायचो, हातमोजे घालूनही मनगटं खाजायची. एकेका झाडाला हजारो बिया, त्यामुळे एक उपटलं की त्या मोकळ्या मातीत दहा रुजायची. मी जिला निंदणी समजत होतो ती त्याचीच मशागत होती.

ताग पेरून पाहिला. दाट वाढतो, सावली धरतो, झकास. पण फुलावर येताच कापून गाडावा लागतो, नाहीतर काठ्या होतात. अर्ध्या गुंठ्यासाठी एवढा शेतकरी होणं मला झेपेना.

मग सिंधुदुर्गातली मावशी आली. कठड्यावर कप ठेवत म्हणाली, "माती उघडी ठेवलंस तर कायतरी रुजतलाच. टाकळो टाक मगे!"

तणावर तण? मला हसू आलं. पण विदर्भात ज्याला तरोटा म्हणतात तो हाच, आणि पावसाआधी त्याचं बी फेकून गाजर गवत दाबायचा सल्ला कृषी खात्याची माणसंही देतात. मावशीनं गावाहून बी पाठवलं. मे महिन्यात दोन ओंजळी नुसत्या भिरकावल्या. दोन पाऊस झाले आणि टाकळ्यानं जमीनच दिसू दिली नाही. खाली गाजर गवताची रोपं होती, पण ऊन न मिळून पिवळी, लुकडी. संध्याकाळी टाकळा पानं मिटून घेई, तेवढीच काय ती त्यांना फट.

शिवाय भाजी! कोवळा पाला, फणसाच्या आठळ्या, वर ओलं खोबरं. जरा कडवट लागते, मला आवडते. मुलगी ताट सरकवते.

टाकळाही काही साधू नव्हे. शेंगा तडकल्या आणि पुढच्या वर्षी तो कुंपणाखालून शेजारच्या काकूंच्या तुळशीवृंदावनापर्यंत पोचला. त्यांना भाजीचा डबा नेऊन दिला, तात्पुरतं निभावलं.

यंदा गाजर गवत एकाच ठिकाणी उगवलंय, नळाजवळच्या हातभर जागेत. भाजीच्या घाईत तिथला टाकळा मी मुळासकट उपटला होता.