पांढरीचा नाद, भाग 6: बुरूज नव्हता हो, खळं निघालं

मागच्या भागात मी लई जोशात लिहिलं होतं की धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या अलीकडं एका शिवारात गूगल अर्थवर पक्की गोल खूण दिसायलीय, गढीचा बुरूजच असणार. दोघातिघांनी शाबासकी पण दिली. तर मंडळी, ती परत घ्या.

रविवारी पहाटेच लातूर सोडलं, ऊन चढायच्या आत रानात. शाळू काढून झालेला, नुसती धसकटं उभी. जमिनीवर उभं राहून काहीच कळंना, मग फोनवर ठिकाण लावून चाललो तेव्हा लक्षात आलं की पंधराएक पावलांच्या गोलात धसकटं बारीक आणि विरळ आहेत, बाहेरची मात्र बोटाएवढी जाड. टेप लावून मोजायलो तर धुऱ्यावर बसलेले आबा उठून आलेच. "काय धुंडायलाव, मोजणीचे का तुम्ही?" म्हटलं नाही आबा, जुन्या खुणा बघत फिरतो. ते जे हसले! म्हणाले, हे आमच्या बापाचं खळं, मधे तिवडा, म्हणजे बैल बांधायचा खांब, असायचा, सारवून घेतलं की बैलांची पात दिवसदिवस फिरायची, मळणी यंत्र आलं आणि मोडलं. म्हणजे तीसेक वर्षं वरून नांगर फिरतोय तरी बैलांच्या खुरांनी दाबलेला खालचा थर अजून मऊ झाला नाही, शाळूची मुळं तिथं अडतात. बुरूज गेला त्याचं दुःख पाच मिनिटं झालं, पण खरं सांगू, मला हेच जास्त भारी वाटलं. (टेप तिथंच विसरून आलो ते वेगळं.)

या नादात एक गोष्ट उलटी निघाली. आधी वाटायचं दगडाचं टिकतं, मातीचं जातं. पण आपल्याकडं गढी पडली की दगड कुणाच्या तरी हौदाला, गोठ्याला लागतो, दोन पिढ्यांत पाया सुद्धा दिसत नाही. मातीची घरं मात्र पडली की जागच्या जागी ढीग होतो, त्यावर परत घर, परत राख, शेण, खापरं, असं करत पांढर, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं टेकाड, उंच होत जाते. तेर तसंच. पेरिप्लस या ग्रीक व्यापारी प्रवासवर्णनात, म्हणजे पहिल्या शतकात, पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं शहर सांगितलंय, ते हेच. काळ्या रानात असं थर लागून राहत नाही, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरचं खाली जातं, म्हणून तिथं खापर कुठल्या खोलीवर सापडलं यावर मी फार विसंबत नाही.

पण पांढर पण जागेवर राहत नाहीच! खत म्हणून रानात नेतात, माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, घालतात. परतीला तेरमध्ये एका जुन्या वाड्यात पाणी मागितलं, तिथल्या मावशींनी वर बघू दिलं. माळवदाच्या कडेला, वाळल्या गवताच्या बुडाशी, अंगठ्याएवढं लाल गुळगुळीत खापर आणि शंखाच्या बांगडीचा तुकडा, त्यावर करवतीचे बारीक ओरखडे. मावशी म्हणाल्या, "पावसाळ्याआधी दरसाल माती घालतो की, त्यात असलं लई येतंय." आता ही नोंद करायची कशी? मी स्थान "छप्पर" असं लिहिलंय. उचललं नाही, फोटो काढून तिथंच ठेवलं, आपला नियम तोच. असलं बघायचं असेल तर तिथंच लामतुरे संग्रहालय आहे, आधी ते बघा, मग रानात फिरा.

कुणीतरी विचारलं होतं जुन्या किल्लारीच्या जागेची नोंद का करत नाहीस. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात असलीच मातीची जड माळवदं झोपेतल्या माणसांवर आली. तिथं मी टेप काढत नाही.

पुढचा बेत येडशीकडं. बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी 1911 ला लातूरपर्यंत आली, अडीच फुटी रूळ, मोठी लाईन झाल्यावर ती गेली. जिथं जुना भराव उघडा पडलाय तिथं बाभळी किती जाड झाल्यात ते मोजायचंय. त्याआधी आबांकडून टेप आणायचा.